बमचा मुलगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्याभरापूर्वी कार्यवाहबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही अमेरिकेविषयी चार शब्द बोला." त्यांना वाटले असावे, मी तिथल्या दुकानांविषयी, रस्त्यांविषयी, बर्फाविषयी बोलेन. पण मी राहिले त्या ह्यूस्टन शहरात बर्फ क्वचितच पडतो आणि दुकानात मला कोणी एकटीला सोडले नाही. तेव्हा आज मी एका खेळाविषयी आणि त्या खेळापायी आयुष्य वेचलेल्या बापलेकांविषयी सांगणार आहे. खेळ म्हटल्याबरोबर कोणी उठून जाऊ नये. चहा शेवटी ठेवला आहे, हे मी मुद्दाम विचारून घेतले आहे.

आधी घरची गोष्ट सांगते. तुम्हांपैकी बऱ्याच जणींना ती ठाऊक आहे. तिचा जो भाग कोणालाच ठाऊक नाही, त्यासाठीच मी उभी राहिले आहे.

आमचे हे शाळेत खेळाचे शिक्षक होते. एकतीस वर्षे त्यांनी मुलांना खो-खो शिकवला. संध्याकाळी घरात आधी मैदानाची धूळ यायची आणि मागून हे यायचे. २००५ साली ते निवृत्त झाले आणि त्याच शाळेत, त्याच जागेवर आमचा थोरला लागला. आम्ही पेढे वाटले. पण त्या दिवसापासून थोरल्याचे स्वतःचे नाव गेले ते गेलेच. बाजारात, शाळेत, मैदानावर तो 'सरांचा मुलगा' झाला. संघ जिंकला की लोक म्हणत, "सरांचाच मुलगा तो, रक्तातच आहे." हरला की म्हणत, "सरांच्या वेळी असे नव्हते हो."

२०११ साली हे गेले. पुढे तीन वर्षांनी, शाळेचा संघ जिल्ह्यापर्यंत पोचत नाही म्हणून थोरल्याकडचे खेळाचे तास काढून घेतले आणि त्याला भूगोल दिला. त्या दिवशी तो घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. आणि मी, त्याची आई, पोळी वाढता वाढता म्हणाले, "हे असते तर ही वेळ आली नसती."

त्याने मान वर केली नाही. पानात होते तेवढे संपवले, ताट उचलले आणि स्वतः घासून ठेवले. त्यानंतर घरात बोलणे-चालणे सगळे होई, पण खेळाचा विषय मात्र कोणी काढला नाही. अंगणातल्या खुंटीवर शिट्टी लटकत होती, तीही एक दिवस दिसेनाशी झाली.

पुढच्या वर्षी धाकटीच्या बाळंतपणासाठी मी ह्यूस्टनला गेले. थंडीचे दिवस. रविवार आला की जावई दुपारपासून टेलिव्हिजनपुढे. मी नातवाला मांडीवर घेऊन शेजारी बसे. पडद्यावर धिप्पाड माणसे डोक्याला शिरस्त्राण घालून एकमेकांच्या अंगावर पडत होती. याला म्हणतात फुटबॉल, पण पाय चेंडूला लागतो फार थोडा वेळ. चेंडूही गोल नाही; दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांना. असे करत करत पलीकडच्या रेषेपार जायचे. आपल्या कबड्डीत चढाई आणि पकड असते ना, तसेच इथे चढाई करणारे वेगळे आणि अडवणारे वेगळे.

एके दिवशी जावयांनी एक पांढऱ्या केसांचा, स्थूलसा माणूस दाखवला. मैदानाच्या कडेला शांत उभा होता. म्हणाले, "आई, हा वेड फिलिप्स. अडवणाऱ्यांचा गुरू. ह्याचे वडील या गावचे दैवत होते." मी विचारले, "म्हणजे हाही सरांचा मुलगा का?" जावयांना काही कळले नाही. पण मी कान टवकारले. पुढचे दोन महिने मी जावयांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि जे समजले ते सांगते.

वडिलांचे खरे नाव ओएल अँड्र्यू फिलिप्स. जन्म १९२३ चा, टेक्सास राज्यातल्या ऑरेंज गावचा. त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानपणी भावाला हाक मारताना शब्द नीट उच्चारता येईना, तिच्या तोंडून निघाले 'बम'. तिकडे या शब्दाचा अर्थ उडाणटप्पू, भणंग असा आहे. पण तेच नाव जन्मभर चिकटले. ते म्हणत, नाव म्हणून खुशाल म्हणा, फक्त शिवी म्हणून म्हणू नका.

दुसऱ्या महायुद्धात बम सैन्यात होते. परत आल्यावर त्यांनी टेक्सासच्या लहान लहान गावांतल्या शाळांमध्ये मुलांना खेळ शिकवला. म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखेच शाळामास्तर. पुढे महाविद्यालये झाली, मग पगारी संघ झाले. वर्षा-दोन वर्षांनी गाव बदलायचे. बदलीच्या नोकरीतल्या बायका इथे बसल्या आहेत. त्यांना मी काही सांगायला नको. भांडी गुंडाळायची, मुलांचे दाखले काढायचे, आणि नव्या गावात दुधवाल्यापासून सुरुवात.

१९७५ साली बम ह्यूस्टनच्या 'ऑइलर्स' या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. डोक्यावर मोठी टेक्सासी टोपी, पायात उंच बूट. पण ह्यूस्टनचे मैदान, अ‍ॅस्ट्रोडोम, हे छपराखालचे होते. तिथे बम कधी टोपी घालत नसत. कोणी विचारले तर सांगत, घरात टोपी घालू नये असे आईने शिकवले आहे, आणि वर छप्पर आहे म्हणजे ते घरच. हजारो लोकांसमोर पन्नाशीचा माणूस आईची शिकवण पाळतो, हे ऐकून मला तो माणूस आवडलाच.

मात्र बायकोविषयी त्यांची एक थट्टा मला आवडली नाही. संघाबरोबर परगावी जाताना बायकोला नेहमी बरोबर का नेता, असे विचारले तेव्हा म्हणाले, ती इतकी कुरूप आहे की निघताना निरोपाचा मुका घेण्यापेक्षा बरोबर नेलेली बरी! आमचे हे असे चारचौघांत बोलले असते तर दोन दिवस चूल पेटली नसती. पण तिला बरोबर नेत होते, हेही खरेच.

त्यांचे कसब अडवण्याच्या मांडणीत होते. पुढे जमिनीला हात टेकून तिघे आणि मागे उभे चौघे, अशी ती मांडणी. तिघे तर धावून जाणार हे समोरच्याला दिसतेच. पण मागच्या चौघांतला कोण अंगावर येणार ते कळत नाही. जावई कागदावर फुल्या काढून समजावत होते. मी म्हटले, "पुरे, समजले. खो कोणाला मिळणार हे पळणाऱ्याला आधी कळू द्यायचे नाही." जावई माझ्याकडे बघतच राहिले. एकतीस वर्षे धूळ उगाच झाडली का मी?

माणसे ओळखण्यातही ते तसेच. १९७८ साली त्यांच्या संघात अर्ल कँबेल नावाचा दांडगा गडी आला. सरावात त्याला मैलभर पळणे पुरे होईना. लोकांनी बमना विचारले, आता काय करणार? ते म्हणाले, एका दमात मैलभर जायचे असेल तेव्हा चेंडू त्याच्याकडे देणार नाही! त्या गड्याने त्याच वर्षी सगळ्यांहून अधिक मजल मारली. आपल्याकडे मुलीला रांगोळी येत नाही म्हणून तिचे गणित कोणी बघत नाही, त्याची मला आठवण झाली.

१९७६ पासून वेड वडिलांच्याच हाताखाली ह्यूस्टनला शिकवत होता. त्याचे वय तेव्हा एकोणतीस. संघ चांगला चालला. १९७८ आणि १९७९ अशा लागोपाठ दोन हंगामांत तो अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पोचला आणि दोन्ही वेळा पिट्सबर्गने परतवले. दुसऱ्या वेळी, १९८० च्या जानेवारीत, ह्यूस्टनच्या गड्याने रेषेपलीकडे चेंडू झेलला होता. तो धरला असता तर सामना बरोबरीत आला असता. पंचांनी तो नाकारला. चित्र पुन्हा पाहून निकाल देण्याची सोय तेव्हा नव्हती. हरून परत आलेल्या संघाला भेटायला त्या रात्री अ‍ॅस्ट्रोडोम माणसांनी भरून गेला. बम त्यांना म्हणाले, गेल्या वर्षी आपण दार ठोठावले, यंदा बडवले, पुढच्या वर्षी लाथ मारून उघडू.

पुढच्या वर्षी दार उघडले नाही. बाद फेरीचा पहिलाच सामना हरले आणि १९८० च्या शेवटच्या दिवशी मालकाने बमना काढून टाकले. ज्या माणसासाठी सारे गाव रात्री जागले, त्याला काढायला एक दिवस पुरला. बम स्वतःच म्हणत, प्रशिक्षक दोन प्रकारचे: एक ज्यांना काढले आहे ते, आणि दुसरे ज्यांना काढणार आहेत ते.

पुढे ते न्यू ऑर्लीन्सच्या संघाकडे गेले. वेडही गेला, अडवणाऱ्यांचा प्रमुख म्हणून. तिथे यश आले नाही. १९८५ च्या नोव्हेंबरात हंगामाचे बारा सामने झाल्यावर बमनी राजीनामा दिला, आणि उरलेल्या चार सामन्यांपुरती ती जागा कोणाला मिळाली? वेडला. वडिलांच्या हरत्या संघाची हरती जागा. चारांतला एक जिंकला, तीन हरला. बम आपल्या टेक्सासमध्ये परतले, गुरेढोरे पाळू लागले, आणि पुन्हा कोणत्या संघाचे प्रशिक्षक झाले नाहीत.

आता मुलाची कथा. मैत्रिणींनो, ती लांबलचक आहे, कारण त्याला इतक्या वेळा काढले. फिलाडेल्फिया झाले, मग डेन्व्हर. तिथे १९९३ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला, दोन वर्षांनी गेला. मग बफेलो, अ‍ॅटलांटा, सॅन डिएगो, डॅलस. अडवण्याचे काम दिले की तो संघ सुधारायचा. मुख्य केले की काही वर्षे बरी जायची आणि मग लोक म्हणायचे, माणूस भला आहे, पण बापाची सर नाही.

त्यातली बफेलोची गोष्ट ऐकाच. बमना ज्या मालकाने काढले, त्याने १९९७ मध्ये तो संघच ह्यूस्टनमधून उचलून टेनेसी राज्यात नेला आणि पुढे त्याचे नाव 'टायटन्स' ठेवले. २००० सालच्या ८ जानेवारीला बाद फेरीत वेडचा संघ नेमका याच संघाशी खेळला. वेडचे लोक एका गुणाने पुढे, आणि उरले होते सोळा सेकंद. त्या सोळा सेकंदांत समोरच्या एकाने चेंडू आडवा फेकला, दुसऱ्याने तो झेलला आणि पंचाहत्तर यार्ड पळून सामना नेला. फेक पुढे गेली होती की आडवी, यावरून गदारोळ झाला. या वेळी चित्र पुन्हा पाहिले आणि तरीही निकाल विरुद्धच राहिला. चित्र पाहता येत नव्हते म्हणून बापाचा घास गेला, आणि चित्र पाहूनही मुलाचा गेला. दैव म्हणायचे ते यालाच.

शेवटी फिरून फिरून २०११ साली वेड ह्यूस्टनला आला. जुना संघ गेलेला होता. हा नवा, 'टेक्सन्स'. त्याच गावात, बापाच्या आठवणी काढणाऱ्या लोकांत. २०१३ च्या १८ ऑक्टोबरला बम नव्वदाव्या वर्षी वारले. आणि बघा, त्यांना काढणारा तो मालकही तीनच दिवसांनी गेला. त्याच हंगामात ह्यूस्टनचा संघ लागोपाठ हरत होता. डिसेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढले आणि शेवटचे तीन सामने पुन्हा वेडच्या गळ्यात आले. तिन्ही हरला. पुढचे सबंध वर्ष, २०१४, त्याला कोणी काम दिले नाही. वय सदुसष्ट. आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला लोक पेन्शनीत काढतात आणि वर्तमानपत्र हातात देतात.

मैत्रिणींनो, माझ्या थोरल्याचे तास गेले तेही २०१४ सालीच.

२०१५ साली ह्यूस्टनमधून काढलेला तोच मुख्य प्रशिक्षक, गॅरी क्युबियाक, डेन्व्हरला नेमला गेला आणि त्याने वेडला बोलावून घेतले. त्या हंगामात डेन्व्हरची अडवणूक साऱ्या देशात पहिली आली. २०१६ च्या ७ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी, अंतिम सामना होता. धाकटीने शेजाऱ्यांनाही बोलावले होते. मी बटाटेवडे केले होते. समोर कॅरोलायनाचा संघ होता. त्या हंगामात सर्वांत जास्त गुण करणारा, सोळांतला एकच सामना हरलेला. वेडच्या माणसांनी त्यांना दहा गुणांवर थोपवले. चोवीस विरुद्ध दहा. सामन्याचा मानकरी ठरला तो व्हॉन मिलर, त्या मागच्या चौघांतलाच एक. बापाने जन्मभर ज्या दाराशी धडका मारल्या, ते दार बापाच्याच पद्धतीच्या मांडणीने उघडले. पगारी संघांत शिकवायला लागल्याला मुलाला चाळीस वर्षे होत आली होती.

सगळे ओरडत होते. मी नातू उठेल म्हणून दटावत होते आणि माझेच डोळे भरून आले होते. तेव्हा जावई म्हणाले, "आई, आणखी एक गंमत. मुख्य प्रशिक्षक म्हणून बमनी नेहमीच्या हंगामात किती सामने जिंकले ठाऊक आहे? ब्याऐंशी. आणि वेडने? ब्याऐंशी."

मी म्हटले, पुन्हा सांगा. त्यांनी कागदावर मांडून दाखवले. बापाचे ह्यूस्टनचे पंचावन्न आणि न्यू ऑर्लीन्सचे सत्तावीस. मुलाचे इकडचे एक, तिकडचे दोन, कुठले सोळा, कुठले एकोणतीस, कुठले चौतीस. बेरीज तीच. उलट मुलाचे हरलेले सामने कमी: बापाचे सत्त्याहत्तर, मुलाचे चौसष्ट. आणि लोक इतकी वर्षे म्हणत होते, बापाची सर नाही!

तो कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या मनात आले, लोकांचे सोड. लोक मैदानाबाहेरचे. घरात पोळी वाढताना हे कोण म्हणाले होते? थोरल्याच्या हाती संघ आला तेव्हा आधीची तयार मुले शाळा सोडून गेली होती. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी इमारत झाली होती. हे मला दिसत होते. तरी मी बेरीज केली नाही, नुसती तुलना केली. बापाची गादी मुलाला देतो तेव्हा आपण गादी देतो. तिच्याखालचे खाचखळगेही त्याच्याच वाट्याला येतात, हे मात्र विसरतो.

तिकडे रात्र म्हणजे इकडे सकाळ. थोरला शाळेला निघण्याच्या तयारीत असणार. मी फोन लावला आणि म्हटले, "बाळा, मी त्या दिवशी बोलले ते बोलायला नको होते."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "कुठल्या दिवशी?"

कुठल्या दिवशी ते त्याला ठाऊक होते. त्याला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते. मग तो म्हणाला, "तिकडे थंडी आहे, कानाला बांधत जा," आणि आम्ही दोघांनी फोन ठेवला.

मी परत आले तेव्हा शिट्टी खुंटीवर होती.

पुढचे तुम्ही पाहताच आहात. आपल्या सभागृहामागच्या पटांगणात थोरला पहाटे मुलींना खो-खो शिकवतो. सुरुवातीला चार होत्या, आता चौदा आहेत. त्यांतल्या तिघी इथे बसलेल्यांच्या नाती आहेत. हे ओरडून शिकवत, पेठेत ऐकू जाई. थोरला मुलींजवळ जाऊन हळू सांगतो. एकदा मी कठड्याशी उभी होते, तोंडाशी आले होते, "ह्यांनी असे शिकवले नसते." तेवढ्यात जीभ चावली. थोड्या वेळाने पाहिले, तर ती बुजरी पोर एका झेपेत खो देऊन मोकळी झाली होती.

वेडने २०१७ साली आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्याने ठेवले 'सन ऑफ बम', म्हणजे 'बमचा मुलगा'. तिकडच्या भाषेत ते शिवीसारखेही ऐकू येते. बापाने नाव म्हणून जे हसत घेतले, ते मुलाने बिरूद म्हणून मिरवले. त्याने पुढेही काम सोडले नाही. २०२३ साली, पंचाहत्तरीत, तो ह्यूस्टनच्याच एका नव्या संघाचा प्रमुख झाला. त्याचा मुलगा वेस हाही प्रशिक्षक आहे. २०२२ साली लॉस एंजेलिसच्या संघाबरोबर त्यानेही अंतिम विजय पाहिला. पण आजोबा आणि बाप अडवायला शिकवत, हा चढाई शिकवतो. मला ते फार आवडले. गादी तीच, पण तोंड वळवून बसला आहे, खो-खोतल्या शेजारच्या गड्यासारखा.

फार बोलले. आता मागणे एकच. मंडळ दर वर्धापनदिनी काहीतरी भेट देते. गेल्या वर्षी सभागृहाला पंखे घेतले. यंदा पटांगणातल्या खो-खोच्या दोन खांबांकडे बघावे, अशी विनंती आहे. एक वाकला आहे, दुसऱ्याला मुलींनी दोरी बांधली आहे. देणगीच्या पाटीवर नाव घालायचेच झाले तर ह्यांचे घालू नये. 'सरांचा मुलगा' असेही घालू नये. त्या चौदा मुलींची नावे घालावीत.

 चहा आला आहे.